सत्तेचाळीस नंबरचा चेहरा

सिदरा पहिल्यांदा हौसामावशीला पेणहून अंधेरीच्या स्टुडिओत घेऊन गेली, तेव्हा मावशी नवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून आली होती. तिथल्या मुलीने तिला पहिल्याच मिनिटाला सांगितलं, की फक्त मान आणि चेहरा लागणार आहे, बाकी काही दिसणार नाही.

"एवढंच?" मावशी म्हणाली. "मग मी पाय कशाला घासलं सकाळी?"

खोलीत लोखंडी नळ्यांची गोल चौकट होती, मोठ्या पिंजऱ्यासारखी, आणि तिच्यावर चहूबाजूंनी कॅमेरे बसवले होते. मधल्या स्टुलावर मावशीला बसवलं. गजरा काढायला लावला. केसांवर काळी टोपी घट्ट चढवली.

"डोळे मोठे उघडा, आजी. चेहऱ्यावर काही आणू नका," ती मुलगी म्हणाली.

मावशीने सिदराकडे बघितलं. "काय आणू नको?"

"म्हणजे हसायचं नाही, रागवायचं नाही. आधार कार्डाच्या फोटोला बसतेस ना, तशी बस."

"मग तसं बोल ना गो."

सगळे कॅमेरे एकदम लखलखले. मग पुढचे तीन तास मावशीला गाल फुगवायला, ओठ आत घ्यायला, एक भुवई वर करायला, जीभ काढायला सांगत होते. जीभ काढायची वेळ आली तेव्हा तिला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि पाणी पुसून, चेहरा कोरडा करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. परतताना पनवेल येईपर्यंत मावशी गाडीत काही बोलली नाही. मग म्हणाली, "आगरात दिवसभर मीठ ओढलं तरी एवढी दमत नाय मी. तोंड दुखतंय."

सिदरा रोह्याची, कुंडलिका नदीपलीकडच्या अष्टमीची. वडील मुसा वीस वर्षं आखातात, दोह्याला एका गोदामावर होते. घरी ती आणि तिची आई आसिया, दोघीच. सिदराने पनवेलला अ‍ॅनिमेशनचा कोर्स केला आणि गेली सात वर्षं ती चेहरे बनवत होती. माणसांचे, पण कॉम्प्युटरमध्ये. त्वचेची छिद्रं, पापण्यांचे केस, ओठांच्या कडेच्या चिरा, हे सगळं तिचं काम. स्टुडिओने अर्धं ऑफिस बंद करून लोकांना घरून काम करायला लावलं, तेव्हापासून माडीवरच्या खोलीत तिचं मशीन होतं आणि मशीन तापू नये म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला एक टेबलफॅन. स्वतःसाठी पंखा नव्हता. जवळच्या धाटावच्या कंपन्यांची शिफ्ट बदलली की रस्त्यावर बसची गडबड व्हायची. सिदराची शिफ्ट मात्र बदलत नव्हती, ती चालूच असायची.

चित्रपट एका दूरच्या ग्रहावरच्या मिठाच्या खाणीचा होता. त्यात एक म्हातारी खाणकामगार होती. स्टुडिओत सगळे तिला नानी म्हणत. सगळा चित्रपट कॉम्प्युटरवर बनवलेला, तरी दिग्दर्शकाला कार्टून नको होतं. नानी खरी वाटली पाहिजे, प्रेक्षकाला तिच्या गालाला हात लावावासा वाटला पाहिजे, असं तो प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचा. खरा, उन्हाने रापलेला चेहरा शोधा म्हणाला, तेव्हा सिदराला हौसामावशी आठवली. सिदराच्या आईच्या वडिलांचा पेणला मिठाचा व्यापार होता आणि हौसा लहानपणापासून खाडीपट्ट्यातल्या त्या आगरांत कामाला होती. आसिया आणि ती एका वयाच्या. अजूनही ईदला हौसा डोक्यावर टोपली घेऊन अष्टमीला यायची, जाताना बिर्याणीचा डबा घेऊन जायची.

त्या एका चेहऱ्यावर सिदराने अकरा महिने काम केलं. नाकाच्या शेंड्यावरचा जळका डाग, खालच्या ओठावरची पांढरी चीर, कपाळावरच्या आठ्या. मावशीच्या चेहऱ्याचा एवढा अभ्यास तिने केला होता की डोळे मिटूनही तिला तो हाताने काढता आला असता. आणि प्रत्येक वेळी मुंबईहून उत्तर यायचं: डोळे मेलेले आहेत. कधी लिहायचे, त्वचा अप्रतिम, डोळे मेलेले. कधी नुसतं 'डोळे' एवढाच शब्द. त्रेसष्टाव्या वेळेलाही तेच आलं तेव्हा सिदरा खुर्चीतून उठली, डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, स्कूटी काढली आणि नागोठण्यावरून थेट पेण गाठलं.

मार्च सरत आला होता. भर दुपारची वेळ. आगरात मिठाच्या पांढऱ्या राशी लागल्या होत्या आणि त्यांच्यावरून ऊन असं उलटून येत होतं की सिदराला मावशी आधी दिसलीच नाही. मावशी पाण्यात उभी राहून लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ काठाकडे ओढत होती.

"कोण गो ती?"

"मी सिदरा, मावशी."

"ये ये. पायातलं काढ, नाय तर घसरशील."

मावशी जवळ आली. आणि सिदराला दिसलं, की या बाईचे डोळे कधी पुरते उघडतच नाहीत. खालच्या पापण्या वर चढलेल्या, डावी भुवई जरा जास्त खाली आलेली, दोन फटींतून बघितल्यासारखं बघणं. शिवाय ती आधी समोरच्याच्या पायांकडे बघायची, मग हातांकडे, आणि मग कुठे तोंडाकडे. चाळीस वर्षं पांढऱ्यावरून येणारं ऊन सोसून ते डोळे तसे झाले होते. अंधेरीच्या पिंजऱ्यात जे मोठे उघडे डोळे टिपले होते ते हौसाचे नव्हतेच.

सिदराने बांधावर बसून तासभर फोनवर तिचं काम करणं टिपलं. मावशीने विचारलंही नाही कशाला. घरी येऊन पाच दिवसांत सिदराने पापण्या, भुवया आणि नजरेचा तो क्रम बदलला. दिग्दर्शकाचं एका ओळीचं उत्तर आलं: आता जिवंत झाली.

त्याच दुपारी सुरभीचा फोन आला. सुरभी सिदराची सुपरवायझर. तीही बहुधा सिदराएवढीच दमलेली असायची, कारण बोलताना ती वाक्यं पुरी करत नसे.

"नानी झकास. आता खाण कोसळते तो सीन. दोनशे चाळीस मेलेले लागतात. पुढचे तीसेक जवळून दिसणार, त्यामुळे..."

"त्यांचे चेहरे कुठून आणायचे?"

"स्कॅन करायला वेळ नाही. तुझ्याकडे म्हातारीचा डेटा आहे ना, त्यातूनच काढ. वय कमी-जास्त कर, बाईचा पुरुष कर. कोणाला कळतंय."

ते तसं अवघड नव्हतं. पडद्यावर एक पट्टी असते. डावीकडे सरकवली की वय उतरतं. दुसरी सरकवली की जबडा रुंद होतो, गळ्याची घाटी वर येते, ओठांवर मिशी फुटते. हौसामावशीच्या एका चेहऱ्यातून सिदराने एकोणीस दिवसांत दोनशे चाळीस माणसं काढली. पोरी, बाप्ये, म्हातारे. प्रत्येकाला नंबर दिला, तोंडावर माती आणि काजळी चढवली, डोळे मिटवले, आणि एकावर एक रचले. शेवटचे आठवडाभर तिला जेवताना हातातला घास जड वाटायचा. मनगटावर पट्टा बांधलेला होता. बाजारात भाजीवालीशी बोलताना ती तिच्या गालाची छिद्रं मोजते आहे हे तिच्या उशिरा लक्षात यायचं.

पावसाळा गेला. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी आसिया चहा घेऊन माडीवर आली आणि पडद्यासमोर थांबली. सिदरा मेलेल्यांच्या ढिगाची शेवटची तपासणी करत होती.

"अगो बाय," आसिया म्हणाली. "ही सगळी हौसाची भावंडं काय?"

"एकाच चेहऱ्यातून काढलीत, अम्मी."

आसियाने चहा ठेवला. बराच वेळ ती बघत राहिली. "तिला सांगितलंस?"

"तिने कागदावर सही केलीय. हवं ते करता येतं आम्हाला."

"सहीचं नाय विचारत मी."

आसिया जिना उतरून खाली गेली. पण त्यानंतर काम करताना सिदराचा हात अडकायला लागला. रविवारी तिने लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत घातला आणि निघाली. वडखळच्या अलीकडे गडब गावातल्या टपरीवर थांबून चहा घेतला, आणि काय बोलायचं ते मनात जुळवून बघितलं. जुळलं नाही. तशीच पुढे गेली.

हौसामावशीचा नवरा काळुराम पडवीत बसून जाळं विणत होता. गुडघे गेल्यापासून तो आगरात जात नसे. मावशीने सिदराला पाट दिला, पाणी दिलं आणि तिच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "अशी सुकलीस कशानं? जेवत नायस काय?"

"काम फार आहे, मावशी. तुला दाखवायला आणलंय."

आधी तिने नानी चालताना दाखवली. काळुराम जाळं टाकून सरकत जवळ आला. मावशी पदर तोंडाला लावून हसली. "माझी चाल नाय ती."

"चाल दुसऱ्या बाईची आहे. आवाज तिसरीचा."

"मग माझं काय?"

"तोंड तुझं."

"घ्या. बाकीची माझ्यापेक्षा बरी मिळाली असतील," मावशी नवऱ्याला म्हणाली.

मग सिदराने सांगून टाकलं. खाण कोसळते, माणसं मरतात, आणि ती सगळी मेलेली माणसं तिच्याच चेहऱ्यातून काढली आहेत. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आपलं चुकलं.

मावशीने पदराला हात पुसले. "दाव."

सिदराने ढीग उघडला. मावशीने डोळे बारीक करून बघितलं. "आपण मेलेलं दिसलो की आयुष्य वाढतं म्हणतात," ती म्हणाली. "माझं किती येला वाढलं?"

"दोनशे चाळीस."

"आता मी काय मरत नाय मग. तुम्ही सगळी गेलात तरी मी हायच." काळुराम हसला. सिदराही हसली. पण मावशी हसत नव्हती. तिचं बोट पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर टेकलं होतं.

"हा कोण?"

तो सत्तेचाळीस नंबर होता. कुशीवर पडलेला, एक हात डोक्याखाली. सिदराला त्याच्यात वेगळं काही वाटलं नव्हतं. वय सव्वीस, पुरुष, जबडा थोडा रुंद. भुवया आणि कान मावशीचेच ठेवले होते, कारण त्या दिवशी ती कंटाळली होती.

"असाच काढलेला आहे, मावशी. खरा कोणी नाही."

"मोठा कर."

सिदराने मोठा केला. काळुराम पुढे वाकला. तो मागे सरून भिंतीला टेकला.

"मिथुन," मावशी म्हणाली.

मिथुन त्यांचा मुलगा. आठ वर्षांपूर्वी आषाढातल्या उधाणाला खाडीच्या बांधाला खांड पडली, भरतीचं पाणी भातशेतात घुसायला लागलं, तेव्हा गावातले दहा-बारा जण पेंढा आणि चिखल टाकून ती बुजवायला गेले होते. त्यांतला एक मिथुन. बांध अजून थोडा सुटला आणि तो पाण्याबरोबर गेला. तिसऱ्या दिवशी सापडला. सव्वीस वर्षांचा होता. भिंतीवर त्याचा दहावीच्या पासपोर्ट फोटोवरून मोठा केलेला फोटो होता, शाळकरी आणि अंधुक. मोबाइल त्याच्याबरोबर गेला होता आणि दोस्तांकडे सापडलेल्या एक-दोन फोटोंत तो गॉगल लावून उभा होता. जिवंत मिथुनला सिदरा कधी भेटली नव्हती. तिने तो फोटो भिंतीवर कितीदा बघितला असेल, पण त्या पोरगेल्या तोंडावरून तिला काही कळायला वाव नव्हता. मिथुन आईवर गेला होता. आईचं वय उतरवून तिला पुरुष केलं, की तो होणारच होता.

"मावशी, मला खरंच ठाऊक नव्हतं..."

"तुला कसं ठाव असेल." मावशीने पडद्यावरून नजर काढली नव्हती. "त्याच्या तोंडाला माती लागलीय. पुसता येते?"

माती वेगळ्या थरावर होती. सिदराने एक बटण दाबलं आणि माती गेली, काजळी गेली. स्वच्छ चेहरा राहिला. मावशीने हात पुढे केला आणि पडद्याला न लावता तसाच धरून ठेवला. बाहेर कोंबडी कॉक कॉक करत फिरत होती.

मग काळुराम म्हणाला, "याला उठवता येतं काय?"

"अहो," मावशी म्हणाली.

"तुझी ती म्हातारी चालते, बोलते. मग याला उठवता येत असेल. एवढंसं. डोलं उघडून बघितलं तरी झालं."

सिदराने नाही म्हणायला हवं होतं. तिला ते तेव्हाही कळत होतं. पण गेल्या वर्षभरात ती कोणालाच नाही म्हणाली नव्हती. नाही म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढा तिच्यात उरला नव्हता. ती म्हणाली, "पुढच्या रविवारी आणते."

त्या आठवड्यात तिने सुरभीला फोन केला. ढिगातला एक माणूस काढायचा आहे, सत्तेचाळीस नंबर.

"का? चूक आहे काही?"

सिदराने सांगितलं.

"सिदरा, तो शॉट गेला पुढे. लॉक आहे. आता उघडायचा म्हणजे... मी विचारते. पण मला नाही वाटत."

दुसऱ्या दिवशी निरोप आला. जमत नाही. खाली लिहिलं होतं, सॉरी, खरंच.

दिवसभराचं काम संपवून रोज उरलेल्या तासाभरात सिदरा मिथुनला उठवत होती. आठ सेकंदांचा तुकडा. तो डोळे उघडतो, मान वळवतो, समोर बघतो, आणि ओठांच्या कडेला हसू येतं. नजर कुणाची द्यायची हा प्रश्न आला तेव्हा तिने मावशीची दिली, तीच अर्धी मिटलेली. मिथुनही आगरातच वाढलेला, तेव्हा चुकणार नाही असं तिला वाटलं. मान वळवण्यासाठी स्टुडिओच्या साठ्यातल्या कोणा एका नटाची हालचाल वापरली. काम चांगलं झालं होतं. सात वर्षांत तिने एवढं चांगलं काम केलं नव्हतं.

रविवारी काळुरामने दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. चष्मा धोतराच्या सोग्याने पुसून पुसून त्याने डोळ्यांवर चढवला. मावशी चुलीजवळून उठून आली आणि नवऱ्यापासून हातभर अंतर ठेवून बसली.

सिदराने तुकडा चालवला. मिथुनने डोळे उघडले. मान वळवली. बघितलं. हसला.

काळुराम पडद्याजवळ सरकला.

"पुन्हा लाव," काळुराम म्हणाला.

तिने पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यानेच बोट पुढे करून थांबवायला सांगितलं.

"हा नाय," तो म्हणाला. "हा आपला नाय." त्याने चष्मा काढला. "मिथ्या असा मान वलवत नव्हता. आधी खांदा यायचा त्याचा, मग मान. आणि हसायचा तवा इकडं..." त्याने स्वतःच्या गालाला हात लावला आणि पुढे काही सांगता येईना. "कोणाचं तरी पोर आणून बसवल्यागत वाटतंय. याला मी नाय ओलखत." तो भिंतीला धरून उठला आणि काठी टेकत बाहेर अंगणात गेला.

खांदा आधी. तेवढं बदलता येईल, असं सिदराच्या तोंडाशी आलं होतं. चौसष्टावी वेळ, पासष्टावी वेळ. मावशीने तिच्या मांडीवर हात ठेवला.

"नको गो. तुझं काय चुकलं नाय."

"मी खांदा बदलते, मावशी. दोन दिवस दे."

"तू खांदा बदलशील, मग डोलं, मग हसू. शेवटाला काय?" मावशीचा हात खरखरीत होता, मिठाने भेगाळलेला. "निजलेला होता तवा माझा होता. उठला नि परका झाला. निजव त्याला परत."

सिदराने तुकडा बंद केला आणि ढिगातला सत्तेचाळीस नंबर उघडला, मातीशिवायचा. कुशीवर पडलेला, हात डोक्याखाली.

"हां," मावशी म्हणाली.

ती बघत बसली. सिदराने हळू आवाजात सांगितलं की तिने त्याला चित्रपटातून काढायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. तो तिथे तसाच राहणार आहे, मातीत. स्टुडिओशी पुन्हा एकदा भांडून बघते, असं ती म्हणाली.

"राहू दे," मावशी म्हणाली. "कशाला भांडतेस. आधीच तुझी हाडं दिसायला लागलीत." मग थोड्या वेळाने, पडद्याकडेच बघत ती म्हणाली, "तिसऱ्या दिवशी आणला ना त्याला, तवा मना त्यांनी तोंड बघू दिलं नाय. सगळी म्हणाली, नको बघू, बघवणार नाय. भाऊ म्हणाला, दीर म्हणाला. चार बायांनी धरून ठेवली मना. मग रोज डोल्यांसमोर यायचं, कसं असेल, कसं असेल. आठ वरसं." तिने नाक पुसलं. "असं होतं म्हणायचं."

तसं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. तीन दिवस खाडीत राहिलेला माणूस असा दिसत नाही.

चुलीवरचा भात लागायचा वास आला तेव्हा मावशी उठली. "बंद कर आता," ती म्हणाली. "आणि जेवून जा. खाडीतली कोलंबी हाय."

काळुराम जेवायला आत आला. त्याने सिदराला आग्रह करून दुसऱ्यांदा भात घ्यायला लावला आणि तिच्या वडिलांची चौकशी केली. ती निघाली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मीच सांगितलं होतं तुला. तू मनाला लावून घेऊ नको, बाय." घरी आल्यावर सिदराने आठ सेकंदांचा तुकडा पुसून टाकला. मातीशिवायचं ते एक स्थिर चित्र छापून मावशीला द्यावं असं तिला वाटलं होतं. तिने फोन करून विचारलं. मावशी म्हणाली, नको. एकदा बघितलं, पुरे झालं. भिंतीवर शाळेतला हाय तो बरा हाय.

चित्रपट मे महिन्यात लागला. स्टुडिओने त्याआधीच निम्म्या लोकांना, कामं संपली, कळवू, असं सांगितलं होतं. त्यांत सिदराही होती. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण पहिले चार दिवस ती नुसती झोपली. आसिया जेवायला उठवायची, जेवली की परत झोपायची.

पनवेलच्या दुपारच्या खेळाला ती हौसामावशीला घेऊन गेली. काळुराम आला नाही. थिएटर अर्धं रिकामं होतं आणि आत एवढा गारठा होता की मावशीने पदर डोक्यावरून घेऊन खांद्यांभोवती गुंडाळला. नानी पडद्यावर आली तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई आपल्या मुलीला म्हणाली, "बघ, कसली खरी वाटते." मावशीने ऐकलं आणि काहीच केलं नाही. ती नानीकडे जशी बघत होती तसं कोणी बसमध्ये समोर बसलेल्या बाईकडे बघतं.

मध्यंतरानंतर खाण कोसळली. सिदराने मावशीचा हात धरला. कॅमेरा ढिगावरून फिरला, पण तिने रचलेलं काही दिसेना. वरून कोणीतरी दाट, करडा धूर घातला होता. धुरातून एखादा हात, एखादा बूट. दोन सेकंद, फार तर अडीच. पुढच्या शॉटमध्ये नानी धावत होती. सिदरा तशीच बसून राहिली. एकोणीस दिवस, ती मनात म्हणाली, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

चित्रपट संपल्यावर बाहेर ऊन डोळ्यांवर आलं. मावशीचे डोळे आपोआप बारीक झाले. पायऱ्यांवर थांबून तिने विचारलं, "येऊन गेला काय तो?"

"हो, मावशी. येऊन गेला."

"मना नाय दिसला."

"धूर होता खूप. कोणालाच दिसला नसेल."

मावशीने मान हलवली. "बरं झालं," ती म्हणाली. "लोकांनी कशाला बघायला पाहिजे."

एस.टी. स्टँडवर रोह्याची गाडी लागायला वेळ होता. दोघी बाकावर बसल्या. मावशीने चपला काढून पाय बाकावर घेतले आणि पिशवीतून केळी काढली, एक सिदराला दिलं. "आता दुसरं काम कधी?" तिने विचारलं.

"बोलावलंय एकांनी. परत असंच काहीतरी आहे. चेहरेच."

"जाशील?"

"बघू. आधी जरा आराम करते."

"कर," मावशी म्हणाली. "मे संपेपर्यंत तरी कर. मी पण पावसाआधी मिठाची रास झाकली की मोकळीच." पेणची पाटी लावलेली एक गाडी वळून आली, मावशी चपला शोधत उठली, आणि गर्दी होण्याआधी चढून खिडकीजवळची जागा धरली. तिने तिथून हात केला. सिदराची गाडी अजून लागली नव्हती.